पोट एकीकडं, सांधे दुसरीकडं : ह्यांना नेमकं कुणाला दाखवावं?

द्राक्षवेल (तासगाव)
नमस्कार. इथं बरेच जण सांगली-मिरज-साताऱ्याकडचे आहेत म्हणून मोकळेपणानं लिहिते. आमचे मिस्टर, वय ३८. द्राक्षबाग आहे आणि दावणीला दोन गाई. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून पोटाचं सुरू झालं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ, मधे थोडे दिवस बरं, की परत तेच. बेंबीच्या खाली उजव्या अंगाला कळ येते. रात्रीही उठावं लागतं. दिवाळीनंतर घोटे सुजायला लागले, मग उजवा गुडघा. सकाळी कंबर इतकी आखडलेली असते की आधी कुशीवर वळतात, मग दोन्ही हात टेकून उठतात. तासभर बागेत फिरलं की मोकळी होते. संध्याकाळी अंगात कणकण असते. वजन ६८ वरून ५७ वर आलंय, पँट पट्ट्यानं आवळून घालतात.

पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, नॉर्मल आली, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. सांध्यांचं विचारलं तर म्हणाले, ते हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड आणि आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) बघितलं, दोन्ही ठीक. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की पोट आणखी बिघडतं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शेजारच्या गावातून पुड्या आणल्या. पुडीनं सूज एकदम उतरते, पण संपली की दुपटीनं येते. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. मला तसं वाटत नाही, पण रात्री दीडला ह्यांना पोट धरून बसलेलं बघितलं की काही सुचत नाही. हिमोग्लोबिन १०.२ आहे. नेमकं कुणाला दाखवावं, पोटाच्या की हाडाच्या?

कृष्णाघाट (सांगली)
ताई, आधी धीर धरा. काही गोष्टी विचारतो : शौचातून रक्त जातं का? तोंड येतं का? डोळे लाल होतात का? घरात कुणाला टीबी, सोरायसिस, पाठ आखडण्याचा आजार? दूध कच्चं पितात का?

द्राक्षवेल
रक्त दिसलं नाही. तोंड सारखं येतं. डोळे नाहीत. चुलत सासऱ्यांना टीबी होता, आमच्याच वाड्यात राहायचे. दूध... ह्यांना लहानपणापासून धार काढता काढता गरम दूध प्यायची सवय आहे.

मेणवलीकर
गहू बंद करा आणि खपलीवर या. आमच्या घरी सगळ्यांचं पोट त्यानं सुधारलं. संकरित गव्हामुळंच हे सांध्यांचे आजार वाढलेत असं मला वाटतं.

ज्वारीची_भाकरी (विटा)
मेणवलीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथं थांबवते. खपली हाही गहूच, त्यातही ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) असतं. ज्याला सीलिॲक (ग्लुटेननं आतडं बिघडण्याचा आजार) आहे त्याला खपली, बन्सी, लोकवन सगळं सारखंच बाधतं. सातू आणि रवा-शेवयासुद्धा.

माझ्या मुलीला सीलिॲक आहे. तिचं पोट बिघडायचं, रक्त वाढत नव्हतं, आणि गुडघे दुखतात म्हणून शाळेत खेळायची नाही. सगळे "वाढीच्या वयातलं दुखणं" म्हणायचे. आपल्याकडं भाकरी खाणारी माणसं, म्हणून हा आजार लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही. उत्तरेत गहू जास्त, तिकडं जास्त आढळतो. पण हल्ली आपल्या ताटातही चपाती रोजची झाली आहे. रक्ताची टीटीजी आयजीए तपासणी केली, सोबत एकूण आयजीए बघितलं (ते मुळात कमी असेल तर पहिली तपासणी फसवते), मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा काढला, तेव्हा निदान झालं.

द्राक्षवेल ताई, म्हणून हात जोडून सांगते : तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू आधीच सोडला तर रक्तातली ती प्रतिद्रव्यं उतरतात, आतडं सुधारायला लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आधी तपासणी, मग पथ्य. निघालाच सीलिॲक, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेच. सांगली जिल्ह्यात राहून भाकरीला काय तोटा!

मेणवलीकर
खपलीतही असतं हे मला ठाऊक नव्हतं. दुकानदार तर "ग्लुटेन फ्री" म्हणून विकतात.

ज्वारीची_भाकरी
तेच तर. पिशवीवर काय छापलंय यावर माझ्या मुलीचं पोट चालत नाही.

दावण (पशुवैद्यक, कवठेमहांकाळ)
मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही. पण "धार काढता काढता दूध" वाचलं आणि राहवलं नाही. ताई, गेल्या दोन वर्षांत तुमच्या एखाद्या गाईचा सातव्या-आठव्या महिन्यात गर्भपात झाला होता का? वार अडकली होती का, आणि ती कुणी हातानं काढली का?

द्राक्षवेल
हो! तांबडी गाय सातव्यात गाभडली होती. वार ह्यांनीच काढली. त्याचा काय संबंध?

दावण
असू शकतो. ब्रुसेलोसिस नावाचा आजार आहे. गाई-म्हशींत गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात गर्भपात होतो, वार अडकते. ते जंतू वारेत, गर्भजलात आणि दुधात असतात. हाताला खरचटलेलं असेल किंवा दूध न उकळता प्यालं तर माणसाला लागण होते. मग चढता-उतरता ताप, रात्री घाम, कंबर आणि मोठे सांधे धरतात, वजन उतरतं. आमच्या व्यवसायातल्या कित्येकांना झालाय. ह्याची रक्ततपासणी वेगळी असते, डॉक्टरांना "घरी गोठा आहे, गाय गाभडली होती" एवढं सांगितलं तरी त्यांच्या लक्षात येईल. न सांगता त्यांना कळणार कसं?

इतके महिने जुलाब हे मात्र ब्रुसेलाचं नेहमीचं लक्षण नाही. तरी तपासून मोकळं व्हा. गाईच्या रक्ताचीही तपासणी करून घ्या. आणि ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते, सरकारी दवाखान्यात विचारा. लस टोचताना आम्ही स्वतः हातमोजे घालतो, कारण ती जिवंत लस आहे.

माणदेशी_माणूस
डॉक्टर, धारोष्ण दूध आमच्या आज्यानं आयुष्यभर प्यालं. नव्वदीत गेला. त्याचं काय?

दावण
आजोबांना दंडवत. त्यांच्या नशिबानं त्यांची गाय निरोगी होती. गाय आजारी आहे की नाही हे तिच्या तोंडावरून मलाही सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. ब्रुसेलाच नाही, जनावरांचा टीबीही दुधातून येतो. एक उकळी आली की दोन्हीची काळजी मिटते. खरवस चांगला वाफवलेला असतो, तो खुशाल खा. चीक मात्र कच्चा चाखू नका.

माणदेशी_माणूस
खरवस सुटला म्हणजे वाचलो. बाकी सगळं ऐकतो तुमचं.

सज्जनगड_पायथा
मला वाटतं एवढं घाबरवू नये. मलाही वर्षानुवर्षं असंच पोटाचं होतं, शेवटी आयबीएस निघालं, म्हणजे आतड्यात जखम-सूज नसताना पोट बिघडत राहणं. तणाव कमी केला, योगासनं सुरू केली, बरं वाटलं. शेतकऱ्याला तणाव कमी असतो का? बागेवर कर्ज, भाव नाही.

कृष्णाघाट
तणाव असतोच, नाकारत नाही. पण आयबीएसमध्ये वजन असं अकरा किलो उतरत नाही, रक्त कमी होत नाही, ताप येत नाही, आणि साखरझोपेतून जुलाबासाठी उठावं लागत नाही. ही चार लक्षणं असताना "टेन्शन आहे" म्हणून सोडून देणं मला पटत नाही. माझ्या मेव्हण्याचं असंच सोडून दिलं होतं.

ओपीडी_नंबर_चार (फिजिशियन, मिरज)
उशिरा वाचलं. इथं लिहून निदान होत नसतं, पण दिशा सांगता येते.

ताई, तुमच्या प्रश्नातच अडचण आहे. "पोटाचे की हाडाचे" असं विचारताय, पण हे दोन आजार असतीलच असं नाही. आतड्याला दीर्घकाळ सूज असली की सांधे सुजतात, हे आम्हाला नेहमी दिसतं. तुम्ही कंबरेचं जे लिहिलंय, विश्रांतीनं आखडणं आणि हालचालीनं मोकळं होणं, ते झिजेच्या किंवा श्रमाच्या दुखण्याच्या उलट आहे. त्या दुखण्यात काम केल्यावर त्रास वाढतो. हे सुजेचं दुखणं आहे. आरए फॅक्टर निगेटिव्ह असल्यानं ते नाकारता येत नाही, कारण आतड्याशी जोडलेल्या संधिवातात तो बहुतेकदा निगेटिव्हच असतो.

माझ्या डोक्यात पहिली दोन नावं येतात, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण येण्याचा आजार). दोन्हींची आवडती जागा लहान आतड्याचं शेवटचं टोक, म्हणजे बरोबर पोटाच्या खाली उजवीकडं. त्यामागं सीलिॲक आणि ब्रुसेला, ज्यांच्याबद्दल वर चांगलं लिहिलंय. थायरॉइड, एचआयव्ही आणि शौचातले जंतूही बघून घ्यावे लागतील. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आतडं ठीक आहे असं होत नाही, आतल्या अस्तरावरचे व्रण तिच्यात दिसतीलच असं नाही.

मी असतो तर रक्तात सीबीसी, सीआरपी, ईएसआर, लिव्हर, प्रथिनं, टीटीजी, ब्रुसेला बघितलं असतं. छातीचा एक्स-रे. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी, ती आतड्यात खरोखर सूज आहे का ते सांगते. साधारण ५० च्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी. दुखण्याच्या गोळ्यांनीही ती वाढते, म्हणून गोळ्या चालू असतील तर सांगा. मग कोलोनोस्कोपी, आणि ती करताना दुर्बीण मोठ्या आतड्यात न थांबवता लहान आतड्याच्या टोकात नेऊन तिथले तुकडे घ्यायला हवेत.

आता पुडी. ज्या पुडीनं सूज रातोरात उतरते आणि थांबवली की दुपटीनं येते, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. टीबी असेल तर त्यानं तो पसरतो, आणि क्रोन्स असेल तर चित्र झाकलं जातं. पण बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड त्या काळात आटलेलं असतं. चक्कर येऊन, रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी कागदासकट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. कुणी रागावलं तर रागावू दे.

कुणाला दाखवायचं : आधी एक चांगला फिजिशियन, जो दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचेल. त्याच्यामार्फत गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट. सांध्यांसाठी गरज पडली तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, हाडाचे सर्जन नव्हे.

एमआयडीसी_दुसरी_पाळी (सातारा)
डॉक्टरांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. मला क्रोन्स आहे. माझी सुरुवात पायाच्या घोट्यापासून झाली, पोटाचं नंतर कळलं. कंपनीत उभं राहून काम, त्यामुळं सगळे म्हणायचे उभं राहून होतं. कोलोनोस्कोपीची भीती घेऊ नका. खरा त्रास आदल्या दिवशीच्या औषधाचा. ते दोन लिटरचं खारट-गोड पाणी थंड करून, लिंबू पिळून, स्ट्रॉनं घोटघोट पाजा. बाथरूमच्या दारात खुर्ची ठेवा. तपासणी झोपेच्या इंजेक्शनात होते, काही कळत नाही. आज मी औषधावर आहे, दुसरी पाळी करतो, अजिंक्यताऱ्यावर चढून जातो.

कोरेगावची_मास्तरीण
माझ्या भावाला आतड्याचा टीबी होता. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. म्हणून कुणी टीबी म्हणायला तयार नव्हतं. त्याचेही घोटे सुजले होते. टीबीत जंतू सांध्यात न जाताही सांधे सुजू शकतात, त्याला पोन्सेचा आजार म्हणतात, तो टीबीचं औषध सुरू झाल्यावर आपोआप उतरला. औषधं सरकारकडून फुकट मिळाली. निक्षयवर (सरकारची टीबी रुग्णांची ऑनलाइन नोंद) नोंद झाली की पोषण आहारासाठी बँक खात्यावर पैसे येतात, आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. टीबी निघाला तर लाज वाटून घेऊ नका, लपवूही नका. आमच्या आईनं भावकीला सांगितलं नव्हतं, त्या लपवाछपवीतच ती जास्त खंगली.

सतार_तंबोरा
थोडं अवांतर. आमच्या मिरजेला लोक दोन कामांसाठी येतात, तंबोरा घ्यायला आणि तब्येत दाखवायला. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय काढलं, तिथून हे सुरू झालं. रेल्वे जंक्शन असल्यानं कर्नाटकातूनही पेशंट यायचे, अजून येतात. १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं. तेव्हा ताई, पुण्या-मुंबईला पळण्याआधी इथंच बघा. सरकारी रुग्णालयात गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढा, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. महात्मा फुले योजनेचं तिथंच विचारा.

माणदेशी_माणूस
आणि स्टेशनजवळ चहा चांगला मिळतो. पेशंटला नको, सोबतच्या माणसाला.

शिराळ्याची_लेक
मी नर्स आहे. एक काम घरीच करा, त्यानं फार फरक पडतो. एका फुलस्केप कागदावर, एकाच बाजूला, सगळं लिहा. वर नाव, वय, काम, "घरी गाई". त्याखाली कोणता त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला. मग वजन, महिन्यागणिक. मग आजवर घेतलेली प्रत्येक गोळी, पुडीसकट, तिनं काय झालं ते. शेवटी घरातले आजार. "चुलत सासऱ्यांना टीबी, एकाच वाड्यात" ही ओळ लाल शाईनं. सुजलेल्या घोट्याचा सकाळी फोटो काढा, दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरते आणि डॉक्टर म्हणतात काही दिसत नाही. मिस्टरांना बोलायला लाज वाटते ना? पुरुष माणूस "बरं आहे" म्हणून मोकळा होतो. कागद "बरं आहे" म्हणत नाही.

सज्जनगड_पायथा
हे चांगलं सांगितलं. माझा आयबीएसचा मुद्दा मागं घेतो, ताप आणि वजन माझ्या वाचनातून निसटलं होतं. ताई, लवकर दाखवा.

द्राक्षवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. कागद तयार केला. लिहिताना लक्षात आलं की वजन उतरायला सांध्यांच्या आधीच सुरुवात झाली होती. पुडी सोबत घेऊन जाते.

द्राक्षवेल
धागा वर काढतेय, बरेच दिवस झाले. फिजिशियननी कागद दोनदा वाचला, मग ह्यांना सरळ विचारलं, "पुडी किती महिने?" पुडी त्यांनी हळूहळू कमी करत थांबवली. टीटीजी निगेटिव्ह, ब्रुसेला निगेटिव्ह. गाईचंही रक्त दिलंय. कॅलप्रोटेक्टिन ८०० च्या वर. कोलोनोस्कोपी झाली. जिथं लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं व्रण आहेत आणि वाट थोडी अरुंद झालीय. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये "ग्रॅन्युलोमा" लिहिलंय, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी. टीबीचे जंतू शोधणारी जीन एक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह. कल्चरला सहा आठवडे सांगितलेत. डॉक्टर म्हणाले टीबी आणि क्रोन्स दोन्हींत असं दिसू शकतं. एवढं सगळं करून पुन्हा दोनच नावं? सासूबाईंना काय सांगू?

ओपीडी_नंबर_चार
ताई, खूप पुढं आलाय तुम्ही. "ॲसिडिटी, टेन्शन, बाहेरचं" इथून दोन नावांवर, आणि दोन्हींना औषध आहे.

ह्या दोघांतला फरक ओळखणं आपल्या देशात भल्याभल्यांना अवघड जातं. दोन्हींत जागा तीच, व्रण तसेच, ग्रॅन्युलोमाही दोन्हींत. आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळं जीन एक्सपर्ट निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. बहुधा तुमचे डॉक्टर आतड्याचा सीटी बघतील, आणि तरीही ठरलं नाही तर टीबीचं औषध आधी सुरू करतील. कारण साधं आहे : क्रोन्सच्या माणसाला काही आठवडे टीबीचं औषध दिलं तर नुकसान कमी, पण टीबीच्या माणसाला क्रोन्सचं स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेततं. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं, व्रण भरले का. नुसतं "बरं वाटतंय" यावर थांबायचं नाही.

औषध सुरू झालं तर डोळे पिवळे, लघवी गडद, सारख्या उलट्या, नजर अंधुक, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. केशरी लघवीला घाबरू नका, ती रिफॅम्पिसिननं होते. आणि वाट अरुंद झाली आहे म्हणता, तर पोट फुगून, उलट्या होऊन, गॅसही सुटेनासा झाला तर रात्र असो की दिवस, थेट कॅज्युअल्टी गाठा.

एमआयडीसी_दुसरी_पाळी
वाट अरुंद आहे तोवर शेंगदाणे, कच्ची काकडी, संत्र्याची सालं-बिया, गवारीच्या शिरा टाळा. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. मला तेव्हा ह्याच खाण्यानं तारलं. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

कोरेगावची_मास्तरीण
सासूबाईंना सांगा, आतड्यात जखम आहे, दुर्बिणीतून डोळ्यानं दिसली आहे आणि ती भरायला औषध आहे. त्यांना रिपोर्टमधला फोटो दाखवा. आमच्या आईचा विश्वास फोटोनंच बसला.

दावण
गाईचा रिपोर्ट आला की मला व्यक्तिगत निरोपात कळवा, पॉझिटिव्ह असेल तर कळपाचं काय करायचं ते सांगतो. तोवर दूध उकळूनच. ह्यांना गोठ्यात वारेला हात लावू देऊ नका, औषधं चालू असताना तर नाहीच.

द्राक्षवेल
सीटी सोमवारी आहे. फोटो आत्ताच दाखवला सासूबाईंना. बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "मग त्या डॉक्टरनं सोनोग्राफीत का नाही बघितलं?" वर ओपीडी डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. छाटणी दिरांवर सोपवलीय. टीबीचं औषध सुरू झालं तर निक्षयची नोंद तासगावात होते की मिरजेलाच करावी लागते, कुणाला माहीत आहे का?

शिराळ्याची_लेक
निदान मिरजेला झालं तरी औषध घराजवळच्या सरकारी केंद्रातून घेता येतं. निक्षय आयडी लिहून घ्या आणि बँक पासबुकाची झेरॉक्स द्या, खातं ह्यांच्याच नावाचं असू दे. घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः पोरांची, टीबीसाठी तपासणीही तिथंच होईल, ती नक्की करून घ्या.